वारंवार गर्भपातासाठी कॅरिओटाइप चाचणी: सेवा कशी आहे आणि कुठे कमी पडते

दोन किंवा जास्त गर्भपात झाले की गायनॅक तपासण्यांची यादी लिहून देतात. थायरॉइड, साखर, एपीएलए अँटीबॉडी, गर्भाशयाची सोनोग्राफी, आणि शेवटी बहुतेक वेळा एक ओळ: ‘कॅरिओटाइप, दोघांचंही’, म्हणजे नवरा-बायको दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी. महाराष्ट्रात ही सेवा आता तालुक्याच्या कलेक्शन सेंटरपर्यंत पोचली आहे. रक्त तिथे घेतात, खरं काम मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद किंवा दिल्लीच्या मोठ्या लॅबमध्ये होतं. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही. रक्त घेण्यापासून रिपोर्ट समजावून सांगण्यापर्यंतच्या सगळ्या साखळीचं आहे.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. मान्यताप्राप्त लॅबच्या आतलं काम बहुतेक ठिकाणी चांगलं होतं. सॅम्पल घेण्यात आणि पोचवण्यात बरीच ढिलाई आहे. आणि रिपोर्ट हातात पडल्यावर तो समजावून सांगायला कोणी नसतं, ही या सेवेतली सगळ्यात मोठी उणीव आहे. चाचणीचे पैसे भरताना समुपदेशन त्यात आहे की नाही, हे विचारल्याशिवाय पावती घेऊ नका.

चाचणी नेमकं काय पाहते

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ जोड्यांत. कॅरिओटाइपमध्ये ती मायक्रोस्कोपखाली मोजतात, जोड्या लावतात आणि प्रत्येक गुणसूत्रावरचे गडद-फिके पट्टे तपासतात. डाउन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाचं गुणसूत्र एक जास्त असतं, हे १९५९ साली ज्या पद्धतीने दिसलं, तिचीच ही सुधारलेली आवृत्ती आहे. पट्टे रंगवण्याची पद्धत १९७०च्या दशकात आली आणि तिथून पुढे तुकड्यांची अदलाबदलही दिसू लागली.

मर्यादा मोठी आहे. साधारण ५० लाख ते १ कोटी बेस जोड्यांपेक्षा (डीएनएच्या अक्षरांपेक्षा) लहान तुकडा कमी-जास्त झाला असेल, तर तो या चाचणीत दिसत नाही. एकेका जनुकातले दोष तर अजिबात दिसत नाहीत. म्हणजे थॅलेसेमिया नाही, सिकल सेल नाही, एसएमए (स्नायू दुबळे करणारा जनुकीय आजार) नाही. हे ठासून सांगायचं कारण असं, की मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झालेली जोडपी ‘नात्यात लग्न झालंय, म्हणून गुणसूत्रं तपासून घेतो’ म्हणत ही चाचणी करतात आणि रिपोर्ट नॉर्मल आला की निर्धास्त होतात. नात्यातल्या लग्नात धोका वाढतो तो दोघांकडे एकाच जनुकाचा सारखा दोष असण्याचा. तो कॅरिओटाइपच्या कक्षेतच येत नाही. त्यासाठी वेगळ्या वाहक चाचण्या लागतात. विदर्भ आणि नंदुरबार पट्ट्यात सिकल सेलसाठी, आणि कुठेही थॅलेसेमियासाठी, एचपीएलसी ही स्वस्त रक्ततपासणी आधी करावी.

मग गर्भपाताच्या जोडप्यांना या चाचणीतून काय मिळतं? अशा जोडप्यांपैकी सुमारे ३ ते ५ टक्क्यांत नवरा-बायकोपैकी एकात संतुलित ट्रान्सलोकेशन सापडतं. दोन गुणसूत्रांनी आपापले तुकडे बदलून घेतलेले असतात, पण एकूण माल तेवढाच राहतो. म्हणून ती व्यक्ती पूर्ण निरोगी असते, तिला आयुष्यात कधी काही जाणवत नाही. अडचण बीजांड किंवा शुक्रजंतू तयार होताना येते. तुकड्यांची वाटणी विषम झाली की गर्भाला एक तुकडा जास्त, दुसरा कमी मिळतो आणि बऱ्याचदा गर्भ पहिल्या तीन महिन्यांतच पडतो. हे शोधायला कॅरिओटाइपइतकी थेट आणि परवडणारी दुसरी चाचणी नाही. मायक्रोॲरे ही डीएनएवरची चाचणी तिच्यापेक्षा चौपट महाग असली तरी संतुलित अदलाबदल तिला दिसत नाही, कारण ती फक्त माल कमी-जास्त आहे का एवढंच मोजते. ‘जास्त पैसे भरा, ॲडव्हान्स्ड चाचणी करा’ असं काउंटरवर कोणी सुचवलं, तर जोडप्याच्या तपासणीसाठी तो सल्ला चुकीचा आहे.

याची दुसरी बाजूही डोळ्यांसमोर ठेवा. शंभरातल्या पंच्याण्णव जोडप्यांचे रिपोर्ट नॉर्मल येणार आहेत. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ गर्भपाताचं कारण गुणसूत्रांत नव्हतं असा होत नाही. पहिल्या तिमाहीतले निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रदोषामुळेच होतात. ते दोष बहुतेक त्या एकाच गर्भात नव्याने झालेले असतात, आई-वडिलांकडून आलेले नसतात.

दोघांचंही म्हणजे दोघांचंही

पैसे वाचवायचे म्हणून फक्त बायकोचं सॅम्पल पाठवण्याची पद्धत अजून आहे. ‘आधी हिचं बघू, नॉर्मल आलं तर माझं.’ ट्रान्सलोकेशन नवऱ्यातही असू शकतं, आणि मग तीन आठवडे वाया जातात ते वेगळंच. त्याहून वाईट म्हणजे घरात दोष आपोआप सुनेच्या नावावर जमा होतो. जी लॅब किंवा जो डॉक्टर एकट्या बाईचं सॅम्पल मुकाट्याने घेतो, तो अर्धीच सेवा देतो. दोघांचं रक्त एकाच वेळी, एकाच लॅबला पाठवावं आणि फॉर्मवर एकमेकांचे सॅम्पल नंबर लिहायला लावावेत. म्हणजे रिपोर्ट देणारा तज्ज्ञ दोन्ही एकत्र पाहू शकतो.

नळी: इथे सर्वाधिक घोळ होतो

कॅरिओटाइपला जिवंत पेशी लागतात, कारण त्या लॅबमध्ये वाढवायच्या असतात. साखर, कोलेस्टेरॉल, सीबीसी यांच्या सॅम्पलची सवय असलेल्या कलेक्शन सेंटरला हा फरक नेहमी लक्षात राहत नाही.

रक्त सोडियम हेपरिनच्या नळीत घ्यायचं, मोठ्या माणसाचं ३ ते ५ मिली. या नळीचं टोपण हिरवं असतं. पण हिरव्या टोपणाची लिथियम हेपरिनची नळीसुद्धा सेंटरवर पडलेली असते, ती दुसऱ्या तपासण्यांसाठी. लिथियम पेशींच्या वाढीला बाधक ठरू शकतं. म्हणून टोपणाचा रंग पाहून थांबू नका, लेबलवर ‘सोडियम’ लिहिलंय का ते वाचा. जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी तर नकोच. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं आणि पेशींची वाढ खुंटते. गोंधळ वाढतो तो मायक्रोॲरेला आणि डीएनएच्या बहुतेक चाचण्यांना नेमकी ईडीटीए नळीच लागते म्हणून. एकाच दिवशी दोन्ही चाचण्या असतील तर दोन वेगळ्या नळ्या भरल्या गेल्या का, ते तिथल्या तिथे बघून घ्या.

उपाशीपोटी जायची गरज नाही. रक्त भरल्यावर नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची, जोरात हलवायची नाही. नीट मिसळली नाही तर गुठळी होते आणि पांढऱ्या पेशी त्या गुठळीत अडकून बसतात. नळीवर नाव, वय, तारीख आणि वेळ तुमच्या समोर लिहून घ्या. नवरा-बायकोच्या नळ्या शेजारीशेजारी ठेवून लेबलं नंतर चिकटवायची ही सवय धोक्याची आहे. अदलाबदल झाली तर ती लॅबमध्ये नक्की पकडली जाते, कारण बाईच्या नावाखाली वाय गुणसूत्र दिसतं, पण मग दोघांनाही पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. गेल्या काही आठवड्यांत कोणाला रक्त चढवलं असेल, तर फॉर्मवर त्याची नोंद हवीच. दुसऱ्याच्या पेशी त्यात मिसळलेल्या असू शकतात.

प्रवास

सॅम्पल लॅबमध्ये २४ ते ४८ तासांत पोचलं तर उत्तम. त्यापुढे प्रत्येक दिवसाला जिवंत पेशी कमी होत जातात. साधं तापमान चालतं, फ्रिजचं चालतं, गोठलेलं मात्र अजिबात चालत नाही. गोठलं की पेशी फुटतात आणि सॅम्पल संपलं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मे महिन्यात कुरिअरवाले थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी टाकतात, ते योग्यच आहे. पण नळी त्या पिशवीला थेट टेकलेली नको. मध्ये कापूस किंवा बबल रॅपचा जाड थर हवा. उलट बर्फ न घालता सॅम्पल दुपारभर एसटीच्या पार्सल टपात राहिलं, तर उष्णतेने तेवढंच नुकसान होतं.

एक साधा नियम पाळला तर अर्ध्या अडचणी टळतात: रक्त सोमवार ते बुधवार या दिवसांत, सकाळी द्या. शनिवारी संध्याकाळी दिलेलं सॅम्पल रविवारभर सेंटरच्या फ्रिजमध्ये बसतं, सोमवारी निघतं आणि मंगळवारी पोचतं. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्यांतही तेच. सेंटरवर विचारायचे प्रश्न दोनच: पिकअप किती वाजता आहे, आणि लॅबमध्ये कधी पोचेल. उत्तर गोलमोल आलं तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या किंवा थेट शहरातल्या केंद्रात जा. एका फेरीचं भाडं गेलं तरी चालेल.

कल्चर फेल झालं, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढल्याच नाहीत, तर चांगली लॅब दुसरं सॅम्पल मोफत घेते. ही अट आधी विचारून ठेवा, शक्य असेल तर पावतीवर लिहून घ्या.

लॅबच्या आत

ही बाजू कौतुकाची आहे. इतकं हातकाम आणि नजरेचं काम आजच्या फार थोड्या रक्ततपासण्यांत उरलं आहे.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी आपणहून विभागत नाहीत, आणि विभागणीच्या ऐन टप्प्यात असल्याशिवाय गुणसूत्रं सुटी दिसत नाहीत. म्हणून साधारण अर्धा मिली रक्त ५ मिली पोषक द्रवात घालतात आणि त्यात पीएचए नावाचं प्रथिन टाकतात. ते राजम्याच्या जातीच्या घेवड्यापासून काढतात. त्याने टी-लिम्फोसाइट विभागायला लागतात. ३७ अंश सेल्सिअसला ७२ तास ठेवल्यावर कोल्सेमिड घालून विभागणी मधेच रोखतात. कोल्सेमिड जास्त वेळ राहिलं तर गुणसूत्रं आखडून बुटकी होतात आणि पट्टे एकमेकांत मिसळतात. कमी वेळ राहिलं तर मोजण्याजोग्या पेशीच मिळत नाहीत.

मग पोटॅशियम क्लोराइडच्या ०.०७५ मोलर द्रावणात पेशी फुगवतात. तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडच्या मिश्रणात त्या पक्क्या करतात आणि काचपट्टीवर थेंब सोडतात. हा थेंब पडून पसरतो ते काही सेकंद म्हणजे सगळ्या प्रक्रियेचा कस. हवा फार कोरडी असेल तर थेंब झटकन वाळतो आणि गुणसूत्रं एकावर एक चढलेली राहतात. हवा फार दमट असेल तर ती इतकी पसरतात की एका पेशीतली दोन-चार भरकटून बाजूला जातात. मुंबईच्या पावसाळ्यात म्हणूनच चांगल्या लॅब या खोलीची आर्द्रता यंत्राने सांभाळतात. त्यानंतर ट्रिप्सिनचा हात आणि जिम्साचा रंग. ट्रिप्सिन काही सेकंद जास्त झालं की गुणसूत्रांच्या कडा पिसासारख्या विरलेल्या दिसतात आणि ती काचपट्टी बाद होते.

शंभरच्या ऑइल लेन्सखाली तज्ज्ञ एकेक पेशी शोधतो. कॅमेरा आणि सॉफ्टवेअर जोड्या लावायला मदत करतं, तरी वाकडी पडलेली, एकमेकांवर आलेली गुणसूत्रं माणसालाच सोडवावी लागतात. नेहमीच्या कामात २० पेशी मोजतात, त्यातल्या ५ पट्ट्या-पट्ट्याने तपासतात आणि निदान २ पेशींची जोड्या लावलेली चित्रं तयार करतात. २० पेशींत सगळं सारखं आलं तर १४ टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाणातलं मिश्रण, म्हणजे मोझेइसिझम, ९५ टक्के खात्रीने नाही असं म्हणता येतं. शंका असेल तर ३० किंवा ५० पेशी मोजतात. ५० पेशींत ही मर्यादा ६ टक्क्यांपर्यंत खाली येते.

कल्चर, रंगकाम, तपासणी, दुसऱ्या तज्ज्ञाची फेरतपासणी हे सगळं धरून १० दिवस ते ३ आठवडे हा वेळ वाजवी आहे. ‘तीन दिवसांत कॅरिओटाइप’ असं कोणी सांगत असेल, तर सावध व्हा. पेशी वाढायलाच तीन दिवस लागतात.

रिपोर्ट वाचताना

चांगल्या रिपोर्टवर या गोष्टी असतात: सॅम्पलचा प्रकार, चाचणी कशासाठी सांगितली ते, रंगवण्याची पद्धत (बहुधा ‘जीटीजी’, म्हणजे वर सांगितलेली ट्रिप्सिन-जिम्साची), बँड पातळी, मोजलेल्या आणि तपासलेल्या पेशींची संख्या, आंतरराष्ट्रीय लेखनपद्धतीतला निकाल, साध्या भाषेतला अर्थ, चाचणीच्या मर्यादा आणि तज्ज्ञाची सही. बँड पातळी म्हणजे किती बारकाईने पाहिलं त्याचं माप. ५५० उत्तम, ४५० ठीक. ४००च्या खाली असेल तर सूक्ष्म ट्रान्सलोकेशन निसटू शकतं. पेशींची संख्या आणि बँड पातळी दोन्ही गायब असतील, तर त्या रिपोर्टवर आम्ही भरवसा ठेवणार नाही. कितीही मोठ्या नावाची लॅब असो, खुलासा मागवा. एनएबीएलची, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका. त्या मान्यतेच्या यादीत सायटोजेनेटिक्स, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, आहे का, हे पाहा. अनेक सेंटरची मान्यता फक्त बायोकेमिस्ट्रीपुरती असते.

बाईचा नॉर्मल निकाल ‘४६,एक्सएक्स’, पुरुषाचा ‘४६,एक्सवाय’. याच्यापुढे काहीही जोडलेलं दिसलं की घरात घबराट होते, आणि बऱ्याचदा ती अनाठायी असते.

सगळ्यात जास्त रडारड होते ती ९ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या उलट्या तुकड्यावरून. निकालात ‘इन्व्ह(९)’ लिहिलेलं असतं. हा चेहऱ्यावरच्या तिळासारखा निरुपद्रवी फरक आहे, कितीतरी निरोगी लोकांत सापडतो. ‘९क्यूएच+’, ‘१क्यूएच+’, ‘१६क्यूएच+’, ‘वायक्यूएच+’, ‘२१पीएस+’, ‘२२पीएस+’ हेही त्याच जातीचे. हे गुणसूत्राच्या अशा भागांतले लांबी-रुंदीचे फरक आहेत, जिथे कामाची जनुकं नसतात. काही लॅब हे फरक छापतात आणि खाली ‘जेनेटिक कौन्सेलिंग ॲडव्हाइज्ड’ एवढंच लिहून मोकळ्या होतात. हे अत्यंत बेजबाबदार आहे. ‘हा सामान्य फरक आहे, गर्भपाताशी संबंध जोडता येत नाही’ हे एक वाक्य रिपोर्टवर असायलाच हवं. त्या वाक्याअभावी लोक आयव्हीएफच्या, डोनरच्या, नको त्या गोष्टींच्या मागे लागतात.

दुसरी घाबरवणारी ओळ अशी असते: ‘४५,एक्स[२]/४६,एक्सएक्स[२८]’. चौकटी कंसातला आकडा म्हणजे तेवढ्या पेशी. तीस पेशींतल्या दोनांत एक एक्स कमी. वय वाढतं तसं स्त्रियांच्या रक्तपेशींत एखादं एक्स गळत जातं. पस्तिशी-चाळिशीतल्या बाईत असा निकाल बहुतेक वेळा वयाचाच भाग असतो. त्यावरून तिला टर्नर सिंड्रोम (एक एक्स नसल्याने होणारा जन्मजात विकार) आहे असा शिक्का मारता येत नाही.

आता खऱ्या महत्त्वाचे निकाल. ‘४५,एक्सएक्स,डर(१३;१४)’ म्हणजे १३ आणि १४ ही दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेली आहेत. मोजणीत ४५ दिसतात, पण माल पुरेसा आहे. याला रॉबर्टसोनियन म्हणतात आणि या जातीत हीच जोडी सर्वांत जास्त आढळते. १४ आणि २१ जोडलेली असतील तर डाउन सिंड्रोमचं बाळ होण्याचा धोका मोजावा लागतो. वाहक आई असेल तर तो १० ते १५ टक्क्यांच्या आसपास, वडील असतील तर एक-दोन टक्के किंवा त्याहून कमी. २१ आणि २१ एकमेकांना जोडलेली असतील तर मात्र जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला डाउन सिंड्रोम होतो. हा फरक इतका मोठा आहे, की नुसतं ‘ट्रान्सलोकेशन आहे’ असं फोनवर ऐकून कोणताही निर्णय घेऊ नका. कोणत्या गुणसूत्रांत, कोणत्या जागी, कोणाकडून, हे तिन्ही कळल्याशिवाय धोका सांगताच येत नाही. ‘टी(११;२२)’ सारख्या निकालांत तर तुटलेली जागा कोणती, यावर पुढचं सगळं ठरतं.

समुपदेशन: सेवेची कच्ची बाजू

रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून येतो आणि तिथे सेवा संपते. ही पद्धत बदलली पाहिजे. ज्या बाईने तीन गर्भपात सोसले आहेत, तिला ‘बॅलन्स्ड ट्रान्सलोकेशन’ हे शब्द रात्री दहा वाजता मोबाइलवर एकटीने वाचावे लागू नयेत.

चांगलं समुपदेशन म्हणजे निदान अर्धा-पाऊण तास, दोघंही समोर, तीन पिढ्यांचा घराण्याचा तक्ता काढलेला आणि शेवटी सगळं लिहून दिलेलं. पर्याय सगळे मांडले गेले पाहिजेत. नैसर्गिक गर्भधारणा ठेवून ११ ते १३ आठवड्यांत सीव्हीएस (वारेचा तुकडा काढून तपासणी) किंवा १५ आठवड्यांनंतर ॲम्निओ (गर्भाभोवतालचं पाणी काढून तपासणी) करणं हा एक. आयव्हीएफ करून भ्रूणाच्या गुणसूत्रांची रचना तपासणं हा दुसरा. मूल दत्तक घेणं किंवा दात्याचं बीज हेही. ट्रान्सलोकेशन असलेल्या अनेक जोडप्यांना आयव्हीएफशिवाय निरोगी मूल होतं. हे पहिल्याच बैठकीत सांगितलं गेलं नाही आणि थेट आयव्हीएफचं पॅकेज पुढे आलं, तर दुसरीकडे मत घ्या.

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था, एनआयआयएच, आहे. परळलाच प्रजनन आरोग्यावर काम करणारी आयसीएमआरची एनआयआरआरसीएच आहे. अशा सरकारी संस्थांकडे डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जाता येतं. रांग असते, वेळ लागतो, पण गुंतागुंतीच्या रिपोर्टवर शांतपणे बोलणारे लोक अशा ठिकाणी भेटण्याची शक्यता जास्त.

पडलेल्या गर्भाची तपासणी

जोडप्याच्या रक्तापेक्षा कित्येकदा जास्त उत्तर देणारी ही तपासणी आहे, आणि हीच सगळ्यात जास्त वाया जाते. क्युरेटिंगनंतर सवयीने ऊतक फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकतात, कारण हिस्टोपॅथॉलॉजीला तसंच लागतं. फॉर्मेलिनमध्ये पेशी मरतात आणि डीएनएसुद्धा खराब होतो. गुणसूत्रांच्या तपासणीसाठी ऊतक निर्जंतुक सलाइनमध्ये, निर्जंतुक डब्यात हवं. भूल देण्याच्या आधीच ओटीच्या सिस्टरना आणि डॉक्टरांना हे सांगून ठेवा. डबा लॅबकडून आदल्या दिवशी मागवून घ्या.

यासाठी कल्चरवर आधारित कॅरिओटाइपपेक्षा डीएनएवरची चाचणी, म्हणजे मायक्रोॲरे, जास्त भरवशाची. पोटात काही दिवस मृत राहिलेल्या गर्भाच्या पेशी कल्चरमध्ये वाढतच नाहीत, किंवा आईच्या पेशी वाढतात आणि निकाल फसवा नॉर्मल येतो. म्हणून आईचं २-३ मिली रक्त ईडीटीए नळीत सोबत पाठवावं. त्यावरून आईच्या पेशींची भेसळ ओळखता येते. गर्भात साधा ट्रायसोमी, म्हणजे एक अख्खं गुणसूत्र जास्त, सापडला, तर जोडप्याचं कॅरिओटाइप बहुतेक वेळा गरजेचं राहत नाही. गर्भात एक तुकडा जास्त आणि दुसरा कमी असं दिसलं, तर मात्र दोघांचंही लगेच करावं. हा क्रम पाळला तर खर्चही वाचतो.

गरोदर असताना

एनआयपीटीबद्दल थोडक्यात. गर्भातले गुणसूत्रदोष हेरण्यासाठी १० आठवड्यांनंतर आईच्या रक्तावर ही चाचणी करतात. डाउन सिंड्रोमसाठी ९९ टक्क्यांच्या आसपास पकड आहे. पण ही चाळणी आहे, निदान नाही. तपासला जाणारा डीएनए वारेतून आलेला असतो, गर्भातून थेट नाही. पॉझिटिव्ह आली तर ॲम्निओशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये. आई-वडिलांपैकी कोणाला ट्रान्सलोकेशन असेल तर साधी एनआयपीटी पुरेशी नाही, सीव्हीएस किंवा ॲम्निओच लागते.

ॲम्निओमध्ये १५ ते २० मिली पाणी काढतात. पहिले एक-दोन मिली वेगळे ठेवतात, कारण त्यात आईच्या पेशी असू शकतात. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर नंतर अँटी-डी इंजेक्शन लागतं, याची आठवण आपणच करून द्यावी. वेळेचा हिशेब कडक ठेवा. कल्चरला दोन-तीन आठवडे जातात. २०२१च्या दुरुस्तीनंतर एमटीपी कायद्यात (गर्भपाताच्या कायद्यात) २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, २० ते २४ आठवड्यांत ठरावीक गटांसाठी दोन डॉक्टरांचं, आणि त्यापुढे गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाचं. म्हणून ॲम्निओ १६व्या आठवड्यात झालेली बरी, १९व्यात नको. घाई असेल तर सोबत फिश किंवा क्यूएफ-पीसीआर या झटपट चाचण्यांपैकी एक मागा, मुख्य ट्रायसोमींचा निकाल दोन-तीन दिवसांत येतो.

गर्भाच्या कोणत्याही चाचणीत लिंग सांगितलं जात नाही. गर्भलिंग निदानाविरुद्ध राज्यस्तरावर कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४चा. फॉर्म आणि संमतिपत्रावर सह्या मागितल्या तर चिडू नका. न मागणारं केंद्रच संशयास्पद समजा.

पैसे

रक्ताचं कॅरिओटाइप माणशी साधारण अडीच ते पाच हजार रुपये. मायक्रोॲरे आणि एनआयपीटी दहा हजारांच्या पुढे, लॅबप्रमाणे वीस-पंचवीसपर्यंत. दोघांचं मिळून सवलत मागा, बहुतेक ठिकाणी मिळते. सवलतीसाठी लॅब बदलायला हरकत नाही, पण बँड पातळी, पेशींची संख्या आणि फेरसॅम्पलची अट या तीन गोष्टींवर तडजोड नको.

निकाल सापडल्यावर घरातले बाकीचे

ट्रान्सलोकेशन सापडलेल्या व्यक्तीच्या आई-वडिलांचं कॅरिओटाइप करावं. ते कोणाकडून आलं हे कळलं की त्या बाजूच्या भावंडांना, मूल होण्याच्या वयातल्या चुलत, मामे, मावस आणि आत्येभावंडांना सांगता येतं. प्रत्येक सख्ख्या भावंडात ते असण्याची शक्यता साधारण निम्मी. त्यांच्या फॉर्मसोबत मूळ रिपोर्टची प्रत जोडा, म्हणजे लॅबला नेमक्या कोणत्या गुणसूत्रांवर नजर ठेवायची ते ठाऊक असतं आणि सूक्ष्म अदलाबदल निसटत नाही. निरोगी लहान मुलांची तपासणी घाईने करू नये, ती मोठी होऊन स्वतः ठरवू शकतील तोवर थांबलेलं चालतं. मूळ रिपोर्ट जोड्यांच्या रंगीत चित्रासकट छापून फाइलला लावा आणि एक प्रत ईमेलवर ठेवा. लॅब किती वर्षं नोंदी ठेवते ते विचारून घ्या. पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत, म्हणजे आठव्या आठवड्याच्या आत, हा कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा आहे. तेव्हाच सीव्हीएसची तारीख ११ ते १३ आठवड्यांत बसवता येते.